जनावरांच्या सॅम्पलमधून जंतूची उपप्रजाती पीसीआरने कशी ओळखायची (लॅबमध्ये नवीन असाल तर)

प्रजाती ओळखणं आणि उपप्रजाती ओळखणं ह्यात वरवर एकाच पायरीचा फरक वाटतो पण प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामं आहेत. प्रजातीसाठी पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा लाखो पटीने वाढवायची पद्धत) करायची, प्रायमर (तो तुकडा नेमका पकडणारे डीएनएचे छोटे धागे) लावले, जेलवर बँड (त्या तुकड्याची पट्टी) आला, विषय संपला. उपप्रजातीत दोन्हीकडचा जवळजवळ सगळा डीएनए सारखाच असतो, फरक असतो तो कुठेतरी एखाद्या छोट्या तुकड्यात नाहीतर चक्क एका अक्षरात, आणि तुम्ही नेमका तोच फरक पकडताय ना हे आधी ठरलं नाही तर सुंदर बँड येऊनही उत्तर चुकीचं येतं.

मी इथे मुख्य उदाहरण म्हणून मायकोबॅक्टेरियम एव्हियम घेतोय. ह्या कामातले बहुतेक सगळे खड्डे ह्या एका जंतूत भेटतात. शेवटाकडे कॅम्पायलोबॅक्टर आणि मायकोप्लाझ्माबद्दल पण थोडं आहे.

आधी प्रश्न ठरवा, मशीन नंतर चालू करा

एम. एव्हियमच्या चार उपप्रजाती. पॅराट्युबरक्युलोसिस, म्हणजे बोलताना आपण ज्याला मॅप म्हणतो तो, गाई म्हशी शेळ्या मेंढ्यांच्या आतड्यात राहतो आणि जोन्स रोग करतो: जुनाट हगवण, जनावर खाऊनपिऊन वाळत जातं, लागण वासरूपणी होते आणि लक्षणं साधारण २ ते ५ वर्षांनी दिसतात, बरं करणारा भरवशाचा इलाज नाही. दुसरी उपप्रजाती नुसतीच एव्हियम, हा पक्ष्यांचा टीबी. तिसरी होमिनिसुइस, माती-पाण्यात असते, डुकरांच्या लिम्फ नोडमध्ये आणि माणसातही सापडते. चौथी सिल्व्हॅटिकम, रानकबुतरातली, ती तुम्हाला क्वचितच भेटेल.

आता बघा, रिपोर्टवर नुसतं "एम. एव्हियम पॉझिटिव्ह" लिहिलं तर गोठ्याच्या मालकाने काय करायचं? मॅप असेल तर त्या जनावराला कळपातून काढायचा विचार, वासरं वेगळी, चीक आणि दूध कोणाचं पाजायचं ते ठरवणं, एवढं सगळं मागे लागतं. होमिनिसुइस असेल तर बहुतेक वेळा भुसा, पाणी, माती ह्यातून आलेला पाहुणा. म्हणून सॅम्पल हातात घ्यायच्या आधी विचारून घ्या की कशासाठी टेस्ट करायचीये. कळपात रोग आहे का एवढंच बघायचंय, की हे एक जनावर विकायचंय, की दोन गोठ्यातला स्ट्रेन एकच आहे का हे शोधायचंय. तिन्हीसाठी टेस्ट वेगळी लागते आणि तिसऱ्यासाठी तर नुसती पीसीआर पुरतच नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, १६एस (जंतू ओळखायला सगळीकडे वापरतात तो रायबोसोमचा जीन) सिक्वेन्सिंगवर वेळ घालवू नका. १६एस जीन ह्या चारही उपप्रजातीत व्यवहारात सारखाच आहे, सिक्वेन्स कितीही स्वच्छ आला तरी उत्तर "एम. एव्हियम" ह्याच्या पुढे जात नाही. मॅल्डी-टॉफवरही (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं मशीन) उपप्रजातीचा भरवसा धरू नये. नवीन मुलं हमखास १६एसपासून सुरुवात करतात कारण कॉलेजात तेच शिकवलेलं असतं.

सॅम्पल

जिवंत जनावराचं शेण थेट गुदाशयातून घ्यायचं, दर जनावराला नवीन ग्लोव्हज. जमिनीवरचं उचलायचं नाही, त्यात शेजारच्या जनावराचं शेण, माती, पक्ष्यांची विष्ठा सगळं आलेलं असतं आणि आपल्याला नेमका ह्या सगळ्यातलाच फरक ओळखायचाय. मेलेलं किंवा कापलेलं जनावर असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि त्याला लागून असलेले लिम्फ नोड घ्या, तिथे मॅप सापडायची शक्यता सगळ्यात जास्त.

लहान वासरांचं शेण तपासून "निगेटिव्ह आलं, वाचलो" असं कोणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. लागण झालेलं वासरूही त्या वयात सहसा जंतू बाहेर टाकत नाही, टाकलेच तर थोडे आणि अधूनमधून. मोठी जनावरं तपासायची.

फक्त पीसीआर करायची असेल तर सॅम्पल उणे २० ला ठेवलं तरी चालतं. पण कल्चरही करायचं असेल तर उणे ७० किंवा त्याखाली ठेवा, उणे २० ला जंतू हळूहळू मरत जातात. आणि कल्चर लागणार आहे की नाही हे सुरुवातीला माहीत नसेल तर दोन भाग करून ठेवा, नंतर कोणी परत गोठ्यात जात नाही.

लिम्फ नोडमध्ये टीबीसारख्या गाठी दिसत असतील तर तो एम. बोविस (गाईगुरांचा टीबी करणारा जंतू) असू शकतो असं धरूनच काम करायचं, म्हणजे बायोसेफ्टी कॅबिनेट, मास्क, सगळं. एव्हियमच असेल असं आपल्या मनाने ठरवून उघड्या टेबलावर कापायला बसू नका.

डीएनए काढणं, इथेच अर्धे रिझल्ट बिघडतात

मायकोबॅक्टेरियाची भिंत जाड आणि मेणचट असते. साध्या लायसिस बफरमध्ये तासभर ठेवून ती फुटत नाही, त्यामुळे साधं किट वापरलं तर डीएनए निघतो पण तो बाकीच्या जंतूंचा. बीड बीटिंग लागतंच, बारीक मण्यांबरोबर ट्यूब जोरात हलवून भिंत यांत्रिकरीत्या फोडायची.

दुसरी भानगड शेणाची. शेणात पित्ताचे क्षार, वनस्पतींची पॉलिसॅकराइड्स, ह्युमिक पदार्थ असलं काय काय असतं आणि ते पॉलिमरेजला गप्प बसवतं. मग पीसीआर निगेटिव्ह येते आणि वाटतं जंतूच नाही. ह्यावर उपाय म्हणजे प्रत्येक रिअ‍ॅक्शनमध्ये इंटर्नल कंट्रोल, म्हणजे एक वेगळा ओळखीचा डीएनए मुद्दाम टाकायचा. तो वाढला नाही तर रिझल्ट निगेटिव्ह नाही, तो रिझल्टच नाही. तेव्हा डीएनए १० पट पातळ करून परत लावायचा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

प्रत्येक बॅचमध्ये एक रिकामी ट्यूब पण घ्या, सॅम्पलच्या जागी नुसतं पाणी, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पायऱ्यातून न्या. पीसीआरच्या वेळी लावलेला पाण्याचा कंट्रोल वेगळा, तो फक्त पीसीआरमधली घाण पकडतो, डीएनए काढताना एका ट्यूबमधून दुसरीत उडालेलं तो पकडत नाही. मिक्स बनवायची जागा, डीएनए टाकायची जागा आणि जेल चालवायची जागा वेगवेगळ्या ठेवा आणि जेलच्या खोलीतला पिपेट मिक्सच्या खोलीत कधीच आणू नका. हे सगळ्यांना माहीत असतं, पाळतं कोण हा प्रश्न आहे.

खर्च वाचवायला ५ जनावरांचं शेण एकत्र करून तपासतात. चालतं, फक्त हिशोब लक्षात ठेवा: एकच जनावर पॉझिटिव्ह असेल तर त्याचा माल ५ पट पातळ झाला, म्हणजे सीटी (रिअल-टाइम पीसीआरमध्ये डीएनए दिसू लागतो तो सायकलचा नंबर, जितका कमी तितका माल जास्त) साधारण सव्वादोन सायकल पुढे सरकली. भरपूर जंतू टाकणारं जनावर तरीही सुटत नाही, थोडे टाकणारं सुटू शकतं.

पहिली पीसीआर: आयएस९००, पण एवढ्यावर थांबायचं नाही

आयएस९०० हा १,४५१ बेसपेअरचा इन्सर्शन सिक्वेन्स, म्हणजे जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारणारा तुकडा. १९८९ साली तो प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून मॅपच्या टेस्टचा पाया तोच आहे. आवडता असण्याचं कारण सरळ आहे, एका जंतूत त्याच्या १४ ते २० कॉपी असतात. के-१० नावाच्या स्ट्रेनचा पूर्ण जीनोम २००५ साली आला, सुमारे ४८.३ लाख बेसपेअरचा, त्यात १७ कॉपी निघाल्या. म्हणजे सॅम्पलमध्ये एक जंतू असला तरी पकडायला १७ जागा.

पण उड्या मारणाऱ्या तुकड्याचा स्वभावच असा की तो एका घरात थांबेल ह्याची खात्री नाही. आयएस९०० शी बराच जुळणारा तुकडा असलेले दुसरे, रोग न करणारे मायकोबॅक्टेरिया सापडलेले आहेत आणि काही जुने प्रायमर त्यांनाही पकडतात. दोन जुळ्या भावांना अंगातल्या शर्टावरून ओळखण्यासारखं आहे हे, शर्ट उसना घेता येतो.

म्हणून दुसरा टार्गेट, म्हणजे पीसीआरने पकडायचा दुसरा तुकडा, लागतोच. एफ५७ घ्या, तो मॅपमध्येच सापडतो पण त्याची एकच कॉपी असते. किंवा आयएसमॅप०२, त्याच्या ६ कॉपी. मी स्वतः एफ५७ च्या बाजूचा आहे, त्याचं कारण खालची सीटीची तुलना.

दोन्ही टार्गेट रिअल-टाइमवर लावले की सीटीची तुलना करता येते आणि ह्यातून जेवढं कळतं तेवढं नुसत्या प्लस-मायनसमधून कधीच कळत नाही. दर सायकलला डीएनए दुप्पट होतो, १६ पट व्हायला ४ सायकल लागतात, तेव्हा १७ कॉपीवाला आयएस९०० हा एका कॉपीवाल्या एफ५७ पेक्षा साधारण ४ सायकल आधी दिसला पाहिजे (दोन्ही प्रायमरची एफिशियन्सी सारखी असेल तर, ते स्टँडर्ड कर्व्ह काढून, म्हणजे ओळखीचा डीएनए टप्प्याटप्प्याने पातळ करत लावून, आधी बघून घ्या). आता तीन प्रसंग बघा.

आयएस९०० ची सीटी २८ आणि एफ५७ ची ३२. झकास, मॅप आहे.

आयएस९०० ची सीटी ३७ आणि एफ५७ निगेटिव्ह. हे खोटं पॉझिटिव्ह असेलच असं नाही, ३७ मध्ये ४ मिळवले की ४१ होतात आणि तिथे बहुतेक टेस्ट संपलेल्या असतात. संशयित म्हणायचं आणि परत सॅम्पल मागायचं.

आयएस९०० ची सीटी २४ आणि एफ५७ निगेटिव्ह. इथे मात्र भुवया वर गेल्या पाहिजेत. २८ च्या आसपास एफ५७ दिसायलाच हवा होता. एकतर एफ५७ ची रिअ‍ॅक्शन बिघडली, नाहीतर हा जो कोणी आहे तो मॅप नाही, नाहीतर जुन्या पीसीआरचा वाढवलेला आयएस९०० चा तुकडा हवेतून ट्यूबमध्ये पडलाय. पहिल्यांदा रिकाम्या ट्यूबचा रिझल्ट बघा.

मॅप नसेल तर बाकीच्यांसाठी साधारण हिशोब असा: आयएस९०१ पॉझिटिव्ह आला तर पक्ष्यांच्या टीबीवाल्या एव्हियमकडे (किंवा सिल्व्हॅटिकमकडे) बोट, आयएस९०१ निगेटिव्ह पण आयएस१२४५ पॉझिटिव्ह तर होमिनिसुइसकडे. बोट म्हणतोय, पुरावा नाही, कारण हे सगळे पण उड्या मारणारेच तुकडे.

मॅपच्या आतले टाइप: आयएस१३११ आणि दोन एन्झाइम

मॅप नक्की झाला की पुढे मेंढी टाइप, गाय टाइप, बायसन टाइप असं वेगळं करता येतं. हे काम जुन्या पद्धतीच्या जेलवर होतं आणि मला अजूनही शिकवायला तेच आवडतं, कारण डोळ्याला दिसतं. आयएस१३११ चा ६०८ बेसपेअरचा तुकडा वाढवायचा, मग हिन्फ-वन आणि एमएसई-वन ही दोन एन्झाइम एकत्र टाकून तो कापायचा. टाइपप्रमाणे तुकडे असे पडतात:

मेंढी टाइप: ३२३ आणि २८५
गाय टाइप: ३२३, २८५, २१८ आणि ६७
बायसन टाइप: ३२३, २१८ आणि ६७
मॅप नसलेला एम. एव्हियम: २८५, १८९ आणि १३४

बेरीज करून बघा. २८५ म्हणजे २१८ अधिक ६७, ३२३ म्हणजे १८९ अधिक १३४. सगळा खेळ २२३ नंबरच्या एका अक्षराचा: मेंढी टाइपमध्ये सगळ्या कॉपीत तिथे सी, बायसनमध्ये सगळीकडे टी, आणि गाय टाइपमध्ये एकाच जंतूच्या काही कॉपीत सी आणि काहीत टी. म्हणूनच गाय टाइपमध्ये कापलेले आणि न कापलेले दोन्ही तुकडे दिसतात आणि बेरीज ६०८ पेक्षा जास्त होते, घाबरू नका.

आता फसायच्या जागा. बायसन टाइपचं डायजेशन अर्धवट राहिलं तर २८५ चा बँड उरतो आणि जेलवर तो हुबेहूब गाय टाइप दिसतो. वर ६०८ चा न कापलेला बँड राहिलाय का बघा, आणि २८५ फिकट असेल तर एन्झाइमचा वेळ वाढवून परत करा. दुसरं, एकाच शेणात मेंढी आणि बायसन दोन्ही टाइप असले तरी पॅटर्न गाय टाइपचाच येणार, शेणातून थेट केलेल्या टेस्टला हे वेगळं करता येत नाही, त्याला एकेक कॉलनी घ्यावी लागते. तिसरं, आयएस१३११ होमिनिसुइसमध्येही असतो, म्हणून शेणातून केलं आणि मॅपच्या बँडसोबत १८९ आणि १३४ पण दिसले तर दोघे एकत्र आहेत असं समजा. ६७ चा बँड तर २ टक्के जेलवर दिसतच नाही किंवा पळून जातो, ३ ते ४ टक्के अगारोज घ्या आणि लॅडर लहान तुकड्यांचा घ्या.

आणि ह्या नावांवर जाऊ नका. बायसन टाइप पहिल्यांदा बायसनमध्ये दिसला म्हणून ते नाव पडलं, भारतात तो शेळ्या, मेंढ्या, गाई, म्हशी सगळ्यात सापडलाय. टाइप हा जंतूचा असतो, जनावराचा नाही, तेव्हा "गाय टाइप आहे म्हणजे गाईपासूनच आला" असं रिपोर्टमध्ये लिहायचं नाही.

दोन गोठ्यातला स्ट्रेन एकच आहे का हा प्रश्न असेल तर वरचं काहीच पुरत नाही. त्यासाठी मिरू-व्हीएनटीआर (डीएनएचा एखादा तुकडा सलग किती वेळा आलाय ते मोजणं), छोट्या रिपीट्सचं टायपिंग, आणि सगळ्यात बारीक म्हणजे पूर्ण जीनोम सिक्वेन्स करून एकेका अक्षराचे फरक मोजणं. ह्याला शुद्ध कल्चर लागतं आणि मॅपचं कल्चर म्हणजे संयमाची परीक्षा, मायकोबॅक्टिन घातलेलं माध्यम लागतं, घन माध्यमावर १६ आठवडे सुद्धा जातात, मेंढी टाइप त्याहून नखरेल. त्यामुळे ही मागणी आली तर पहिल्या दिवशीच कल्चर लावा.

कॅम्पायलोबॅक्टर: हाच धडा, जास्त महागात

कॅम्पायलोबॅक्टर फीटसच्या दोन उपप्रजाती इथे महत्त्वाच्या. फीटस आतड्यात राहते, गाई-मेंढ्यात अधूनमधून गर्भपात करते. व्हेनेरिआलिस वळूच्या लिंगाच्या आवरणात राहते, वळूला काही होत नाही पण तो लावेल त्या गाईला देतो, गर्भ सुरुवातीलाच मरतो आणि गाई परत परत माजावर येतात. वळू आणि वीर्याच्या व्यापारात फक्त दुसरी आडवी येते, म्हणजे उपप्रजाती चुकली तर चांगला वळू हकनाक बाद नाहीतर वाईट वळू मोकाट.

जुनी टेस्ट म्हणजे १ टक्का ग्लायसिनमध्ये वाढते का बघणं, फीटस वाढते, व्हेनेरिआलिस वाढत नाही. पण व्हेनेरिआलिस ग्लायसिन सहन करायला शिकू शकते. मग १९९७ मध्ये एक पीसीआर आली, एक प्रायमर जोडी प्रजातीसाठी आणि दुसरी १४२ बेसपेअरचा तुकडा देणारी, फक्त व्हेनेरिआलिससाठी. वर्षानुवर्षं वापरली गेली, नंतर लक्षात आलं की हा दुसरा टार्गेट पार-ए नावाच्या जीनवर आहे, आणि तो इकडून तिकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएवर बसलेला. काही व्हेनेरिआलिसमध्ये तो नाही आणि काही भलत्याच कॅम्पायलोबॅक्टरमध्ये आहे, उदाहरणार्थ हायोइन्टेस्टिनालिस. त्याजागी सुचवलेला आयएससीएफई१ पण इन्सर्शन सिक्वेन्सच. वळूच्या धुवणात असे नातेवाईक भरपूर असतात, म्हणून धुवणावर थेट पॉझिटिव्ह आला की शक्यतो कल्चर करून त्या कॉलनीवर प्रजाती आणि उपप्रजाती दोन्ही टेस्ट परत लावायच्या. प्रजातीची निगेटिव्ह आणि उपप्रजातीची पॉझिटिव्ह असा उलटा निकाल आला तर तो सरळ परकीय पाहुणा समजा.

मायकोप्लाझ्मात गंमत उलटी आहे. शेळ्यांचा सांसर्गिक प्लुरोन्यूमोनिया करणारा कॅप्रिकोलम कॅप्रिन्यूमोनिए आणि त्याचे जवळचे नातेवाईक वेगळे करायला १६एसच कामाला आलं, कारण ह्या जंतूच्या १६एसच्या दोन कॉपीत आपापसात फरक आहे आणि पीएसटी-वन एन्झाइम त्यातली एकच कॉपी कापतं. मगाशी १६एसला नावं ठेवली ती एव्हियमपुरती होती हं, प्रत्येक जंतूचा फरक वेगळ्या जागी असतो.

रिपोर्ट लिहिताना

कोणता टार्गेट, किती सीटी, इंटर्नल कंट्रोल चालला का, हे सगळं रिपोर्टमध्ये टाका. "मॅप पॉझिटिव्ह" एवढं एकट्याने लिहू नका. शेणात मॅपचा डीएनए सापडला म्हणजे जनावराला लागण आहेच असं होत नाही, दूषित चारा खाल्ला आणि जंतू नुसतेच आतड्यातून पार निघून गेले असंही होतं, विशेषतः आजूबाजूला भरपूर जंतू टाकणारं जनावर असेल तर. सीटी उशिराची असेल तर त्या जनावराला स्वच्छ जागी ठेवून काही आठवड्यांनी परत सॅम्पल घ्यायला सांगा. निगेटिव्हचंही तसंच, जंतू बाहेर टाकणं अधूनमधून चालतं, एका निगेटिव्हवर कोणाला मोकळं सर्टिफिकेट देऊ नका.

एलायझा (रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट) आणि पीसीआर जुळत नसतील तर लगेच एकाला खोटं ठरवायला जाऊ नका. एलायझा शरीराचा प्रतिसाद बघते, पीसीआर जंतू बघते. शिवाय माती-पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियामुळे खोट्या अँटिबॉडी दिसतात, म्हणून तर जोन्सच्या एलायझात सीरम आधी एम. फ्ली ह्या निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियमवर शोषून घेतात.

उरलेला डीएनए छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० किंवा उणे ८० ला ठेवा, एकच ट्यूब सारखी वितळवायची-गोठवायची नाही. ट्यूबवर जनावराचा नंबर, तारीख, आणि डीएनए शेणातून काढलाय की कॉलनीतून हे लिहाच, कारण उद्या नवा टार्गेट लावायचा ठरला तर पहिला प्रश्न तोच येतो.